सत्तेचाळिसावं डुक्कर

सांतान पिंटोच्या शेडमध्ये डुकरं होती शेहेचाळीस, आणि कानसेन म्हणत होता सत्तेचाळीस.

माणसाची मोजणी चुकते हे प्रल्हाद मेस्त्रीला चांगलं ठाऊक होतं. पशुधन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस तो. निम्मी नोकरी त्याने दुसऱ्यांच्या चुकलेल्या मोजण्या निस्तरण्यात घालवली होती. पण छपराला टांगलेल्या त्या यंत्राची मोजणी चुकलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. म्हणून तो बाराही कप्प्यांतून दोनदा फिरला, वाकून गव्हाणीखाली बघितलं, काजूची बोंडं साठवायच्या टाकीत डोकावला, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून सांतानसमोर उभा राहिला.

सांतानच्या गळ्यात काचेची पाटी लटकत होती. त्याला काहीच ऐकू येत नसे. समोरचा बोलला की पाटीवर अक्षरं उमटत. ती उमटली : "सांतानबाब, आपण एखादे डुक्कर लपवून ठेवले आहे काय?"

मेस्त्री असं बोललाच नव्हता. मेस्त्री पक्का कुडाळचा. तो "खंयचा डुकर लपवन ठेवलंस रे?" असंच काहीतरी म्हणाला असणार. पण पाटी पुण्यात शिकलेली. ती मालवणीला आंघोळ घालून, भांग पाडून मगच पुढ्यात उभी करायची. सांतानने स्वतःची भाषा ऐकलेली नाही आणि वाचलेली नाही, याला आता दोन वर्षं होत आली होती.

"लपवूक डुकर म्हंजे काय काजूबी?" सांतान म्हणाला. आवाज केवढा निघाला हे त्याला कळलं नाही. मेस्त्री दचकून मागे सरकला, त्या अर्थी मोठाच निघाला असावा. "शेचाळीस आसत. मोज परत."

मेस्त्रीचंही चुकत नव्हतं. सांतानच्या आडखोलसारख्या गावात डुक्कर लपवणं ही आता गंमत राहिली नव्हती. डुकराच्या घशातल्या गाठींत एक जीवाणू साखळी करून राहतो, स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाचा. बहुतेक डुकरं त्याला जन्मभर सांभाळतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण कळप दाटला, उन्हाळा चढला, पिल्लं आईपासून तोडली, की तो घसा सोडून रक्तात उतरतो आणि रक्तातून मेंदूच्या आवरणात. आजारी डुकराचं रक्त माणसाच्या हातावरल्या भेगेला लागलं, की माणसातही तोच रस्ता. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो. पण जाता जाता तो जीवाणू कानाच्या आतल्या शंखात शिरतो, तिथलं सगळं जाळतो, आणि मागे त्या पोकळीत हाड भरतं. मग कुठलंही ऐकण्याचं यंत्र त्यात बसत नाही. गेल्या दहा वर्षांत तर त्याने नेहमीच्या औषधांना दाद देणंच सोडलं होतं. उपाय एकच उरला, डुक्कर आजारी पडायच्या आधी ते ओळखायचं.

ते कानसेनचं काम. आणि कानसेन हे सांतानच्या एकुलत्या एक लेकीचं, फ्लेवियाचं, डोकं. घशाला सूज धरू लागली की ताप यायच्या दीड दिवस आधी डुकराचा आवाज किंचित कापतो, हे तिने शोधून काढलं. माणसाच्या कानाला ते कळत नाही. कानसेनला कळतं. सोललेल्या नारळाएवढं ते यंत्र प्रत्येक डुकराला त्याच्या आवाजावरून ओळखी आणि क्रमांक देई. भुकेचा आवाज, भांडणाचा, पिल्लांना बोलावण्याचा, सगळ्यांची वेगळी नोंद. नोंदीपुढे उपायाचा रकाना. कळपापासून तुटलेलं डुक्कर एक खास हाक घालतं, खालच्या पट्टीत, थांबत थांबत, दोन हाकांच्या मध्ये उत्तराला जागा ठेवून. तिचं नाव फ्लेवियाने ठेवलं होतं 'एकट्याची हाक', आणि उपाय लिहिला होता : कळपात परत घ्या.

शेडमध्ये माणसंही बोलतात. लोकांची गुपितं यंत्रात जाऊ नयेत म्हणून फ्लेवियाने त्यात एक सोय केली होती. माणसाचे शब्द कानसेन जागच्या जागी खोडून टाकी. उरलाच तर नुसता सूर उरे.

मेस्त्रीने आपल्या हातातला पडदा सांतानपुढे धरला. सत्तेचाळीस क्रमांकाचं जनावर रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास, दक्षिणेकडच्या भिंतीबाहेर. आवाजाचा प्रकार : एकट्याची हाक. हाक गेले चौदा महिने येत होती, तिला क्रमांक मात्र याच आठवड्यात पडला होता.

दक्षिणेकडच्या भिंतीबाहेर डुकरांना पाणी पाजायची एक दगडी धोण होती आणि तिच्या काठावर बूड टेकायला गुळगुळीत झालेली जागा.

मेस्त्रीने पडदा कानाशी नेला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग सांतानकडे न बघता तो धोणीकडेच बघत राहिला.

"सांतानबाब, आपण संध्याकाळी येथे बसता काय?"

"बसतंय. डुकरांका पेज घातलंय काय वायच बसतंय."

"आणि बोलता?"

"खंय! मनातल्या मनात."

"मनातल्या मनात नव्हे," पाटीवर उमटलं.

बहिऱ्या माणसाला आपण मनात बोललो की तोंडाने, हे सांगणार कोण? घरात दुसरं माणूस असतं तर त्याने सांगितलं असतं. रोज संध्याकाळी तो त्या धोणीवर बसून एकच गोष्ट एकाच माणसाला सांगत होता, आणि ते माणूस दोन वर्षांपूर्वी सिमेतरीत पुरलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्याने मेस्त्रीचा दंड धरला.

"शब्द आयकलंस? काय आयकलंस?"

"शब्द नाहीत. केवळ सूर आहे." मेस्त्रीने त्याचा हात हळूच सोडवला. मग जरा थांबून तो भराभरा बोलला, आणि पाटीवर ओळींमागून ओळी आल्या. शनिवारी खात्याच्या समितीची बैठक आहे. फ्लेविया मॅडमनी लिहून दिले आहे की दोष यंत्राचाच होता. चारशे शेडमधील कानसेन उतरवले जाणार. गेल्याच महिन्यात माझ्या भावाच्या शेडमध्ये त्याने तीन डुकरे वेळेत ओळखली. भावजय गरोदर आहे. आता पुढे कोण ऐकणार?

मेस्त्रीने वहीत सत्तेचाळीसपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि तो गेला.

यंत्रात दोष नव्हता. हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वीचा पवित्र सप्ताह, ईस्टरच्या आधीचा. गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला, मिसेला, चर्चमधल्या घंटा शेवटच्या वाजल्या की त्या रविवारपर्यंत मुक्या. मग लाकडी खुळखुळा वाजवून लोकांना बोलवायचं, पुतळ्यांना जांभळी फडकी घालायची. सांतानची बायको जेसिंत या बाबतीत पाद्र्याच्याही वरताण. तिची आई रेडिओला फडकं घालायची. जेसिंत टीव्हीला घालायची, घड्याळाचा टोल बांधायची. आणि शेडमध्ये हा कानसेन, डुक्कर ओळखलं की टिंग करायचा. शेहेचाळीस डुकरं, दिवसभर टिंग टिंग.

"ती घंटा गप कर रे," जेसिंत म्हणाली होती. "देव थडग्यात आसा, आणि ह्यो बघ लग्न लागल्यासारखो वाजता."

घंटा बंद कशी करतात ते सांतानला माहीत नव्हतं. फ्लेवीला फोन करून विचारता आलं असतं. पण सणाच्या दिवसांत लेकीचं 'कशाला, काय झालं' कोण ऐकत बसणार? त्याने शिडी लावली, जांभळं फडकं चौपदरी करून कानसेनभोवती गुंडाळलं आणि वरून सुंभाने आवळलं. टिंग बंद झालं. कानही बंद झाले. तेव्हाचा कानसेन शांततेला शांतताच समजायचा; आवाज येत नाही म्हणजे सगळं बरं आहे, अशी त्याची साधी समजूत होती.

शनिवारी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणासाठी त्यांनी एक डुक्कर कापलं. दिसायला ते धडधाकट होतं. सोरपोतेलासाठी, डुकराच्या त्या आंबट कालवणासाठी, त्याचं रक्त व्हिनेगरमध्ये हाताने ढवळत राहावं लागतं, नाहीतर गोठतं. आणि ते गोठतंय की नाही हे हातमोज्यातून कळत नाही, असं जेसिंतचं म्हणणं. काजू सोलून सोलून, चिकाने तिच्या तळव्यांना भेगा पडलेल्या. सांतानचाही अंगठा सुरीने कापलेला. मंगळवारी दोघंही तापाने फणफणली. शुक्रवारी जेसिंत गेली. सांतान तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याच्या जगातला आवाज कायमचा गेला होता.

फडकं त्याने रविवारी सकाळीच काढलं होतं, नेहमीसारखं, घडी घालून.

फ्लेविया त्याच्यासमोर आलेख घेऊन बसली. तीन दिवस कानसेनची रेघ तळाला टेकलेली. "दमट हवेने कानाचा पडदा बिघडला असणार," पाटीवर उमटलं होतं. "यंत्राला कोणी हात लावला होता काय?" सांतानने मान हलवली, नाही म्हणून. दुसऱ्या क्षणी अक्षरं आली : "म्हणजे माझ्या यंत्राने आईचा जीव घेतला." तेव्हा त्याने तोंड उघडायला हवं होतं. पण बायको गेली, कान गेले, आता खरं सांगितलं तर लेकही जाईल, या भीतीने त्याने ते पोटातच ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकून सांतानच्या हाती काय आलं? लेक तशीही गेलीच. आईच्या घरात पाऊल टाकायची तिची हिंमत होईना. दर रविवारी तिचा चेहरा फोनवर दिसे आणि पाटीवर उमटे, "तुम्ही जेवलात का?" तो म्हणे, जेवलंय. मग दोघं एकमेकांकडे बघत, आणि फोन बंद होई.

तिने कानसेनच्या कानाचा पडदा तीनदा बदलला होता. प्रयोगशाळेत खाऱ्या वाफेत महिना महिना ठेवला. दोष काही केल्या सापडेना. सापडणार कसा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? समितीचं म्हणणं सरळ होतं : जो दोष सापडत नाही तो दुरुस्त होत नाही, आणि जो दुरुस्त होत नाही त्यावर माणसांचे जीव सोपवता येत नाहीत.

गुरुवारी दुपारी फ्लेविया न सांगता आली. वाळली होती. कानशिलावर पांढरे केस दिसत होते. ती दारातच थांबली, मग चपला काढून आत आली आणि आईच्या तसबिरीकडे पाठ करून बसली.

"सत्तेचाळीस क्रमांकाची नोंद माझ्याकडे आली," पाटी म्हणाली. "मेस्त्रींना कळण्यापूर्वीच मला कळले. शब्द खोडले असले तरी सूर मी ओळखते. मी शाळेतून परत येत असताना आपण ज्या सुरात मला टेकडीवरून हाक मारीत होतात, तोच तो."

सांतानने काचेवरून बोट फिरवलं. इतकी मायेची गोष्ट आणि ती या कोर्टाच्या भाषेत. त्याला रडू आलं.

"शनिवारनंतर मी मोकळी आहे," ती बोलत होती. "नोकरी सोडली. आपण माझ्याकडे पुण्याला चला. डुकरे विकू. येथे आपण एकटे राहायचे नाही. चूक माझी आहे, ती मी आता फेडते."

दोन वर्षं जे मागायचं धाडस झालं नव्हतं ते आपल्या पायांनी चालत घरी आलं होतं. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं. समोर कुणीतरी बसलेलं असताना जेवायचं. मनातलं तोंडाने निघालं तर सांगणारं कुणी असेल. सांतानने मान डोलावली, दोनदा. फ्लेविया हसली, आणि हसताना हुबेहूब जेसिंत दिसली.

"तर मग मी कानसेन उतरवते," ती उठत म्हणाली. "पहिला येथे टांगला होता. पहिला येथूनच उतरवू."

तो मागोमाग शेडमध्ये गेला. तिने शिडी लावली, वर चढली, आणि पेचकस लावण्याआधी कानसेनवरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसली, हळूहळू, पोराचं नाक पुसावं तशी. काहीतरी पुटपुटली. सांतानने पाटीकडे पाहिलं. "बहिरे कुठले," एवढंच तिथे होतं.

तो शब्द त्याला लागला. आणि मेस्त्रीची गरोदर भावजय आठवली, जिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"फ्लेवी, थांब!" तो ओरडला. डुकरं एकदम उधळली म्हणजे जोरातच ओरडला असणार. "तो भैरो नाय. तेचे कान मियां बांधल्लंय."

ती शिडीवरच वळली. सांतान घरात गेला, जेसिंतच्या पेटीतून जांभळं फडकं काढून घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. मग सगळं सांगितलं. घंटा, सुंभ, रविवारी घातलेली घडी. "तुझ्या आवशीन फकत घंटा गप कर म्हटल्यान. बांधलंय मियां. तू इचारलंस तेवा नाय म्हणान सांगणारोय मीच."

फ्लेवियाने फडकं घेतलं, चौपदरी केलं, कानसेनभोवती गुंडाळलं आणि हाताने आवळून धरलं. दुसऱ्या हातातल्या पडद्यावर शेहेचाळीस डुकरांची रेघ नाचत होती. ती खाली आली, आणखी खाली, आणि तळाला टेकली. दोन वर्षांपूर्वीची रेघ तिने शेजारी आणून ठेवली. दोन्ही अगदी सारख्या होत्या.

ती शिडीवरून उतरली. पाटीवर अक्षरं येऊ लागली, "दोन वर्षे. दोन वर्षे मी रोज रात्री" आणि पुढे पाटीला काही लागेना, ती नुसती ठिपके काढत राहिली. सांतानने पाटी गळ्यातून काढून उपडी ठेवली. लेक शिव्या देत असेल तर त्या भांग पाडून नको होत्या. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला एकही शब्द कळला नाही, आणि तरी सगळं कळलं.

चुलीवर उकडा भात आणि सुक्या बांगड्याची किस्मूर तयार होती. ती जेवली नाही. फडकं तेवढं घेऊन गेली.

शनिवारी संध्याकाळी मेस्त्रीचा निरोप आला. कानसेन कुठलेही उतरणार नाहीत. मॅडमनी समितीपुढे फडकं ठेवलं आणि रेघा दाखवल्या. सगळ्या गावांना नवी सूचनाही निघाली आहे : सणावाराला घंटा बंद ठेवता येईल, कान मात्र चालू राहतील. निरोपाच्या शेवटी मेस्त्रीने लिहिलं होतं, आपले उपकार आहेत. सांतानला हसू आलं, कडू.

रविवारी फोन आला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. पास्काचा सण आला नि गेला; त्याने सोरपोतेल केलं नाही, डुक्कर कापलं नाही, पेज पिऊन झोपला. संध्याकाळी तो धोणीवर बसेनासा झाला. आता मनातलं तोंडाने निघतं हे कळल्यावर तिथे बसायची त्याला लाज वाटे. तो घराच्या पायरीवर बसे, तोंडावर हात ठेवून.

मेच्या पहिल्या आठवड्यात मेस्त्री मोजणीला आला. शेहेचाळीस भरली. मग त्याने पुण्याहून आलेला कागद पुढे केला आणि आपण बोंडांची टाकी बघायला निघून गेला. रिकामी टाकी एवढा वेळ काय बघतोय, असं सांतानला वाटलं.

कागदावर सत्तेचाळीस क्रमांक खोडलेला नव्हता. त्याच्यापुढे मेस्त्रीच्या प्रश्नचिन्हाच्या जागी नाव छापलं होतं, सांतान पिंटो. आवाजाचा प्रकार, एकट्याची हाक. शेवटचा संपर्क, एकवीस दिवसांपूर्वी. उपाय, कळपात परत घ्या. आणि त्या छापील ओळीखाली निळ्या शाईत, शाळेच्या दिवसांत सांतानने हात धरून गिरवून घेतलेल्या त्या वाकड्या अक्षरात :

"माका वेळ लागतलो, पप्पा. तू हाक मारूची सोडू नको."

सांतानने ते तिथेच उभ्याने वाचलं, मग पायरीवर बसून वाचलं. पाटी मधे न येता, न धुता, न विंचरता, त्याच्या भाषेतलं वाक्य दोन वर्षांनी त्याच्या डोळ्यांपुढे होतं. रागही त्यातच होता आणि लेकही त्यातच होती.

सहा वाजता त्याने डुकरांना पेज घातली, बादली उपडी केली आणि तो धोणीवर जाऊन बसला. वर छपराला कानसेन होता. शब्द तो खोडणार, सूर तेवढा पुण्याला जाणार. सांतानने तोंडावरचा हात काढला.

"फ्लेवी गो," त्याने हाक मारली, "जेवलंस?"

मग उत्तराला पुरेल एवढा वेळ तो थांबला, आणि पुन्हा हाक मारली.